तीन नंबरची बशी

माझ्या स्वभावात संशय आहे असं माझी बायको पद्मा म्हणते. मला हे मान्य नाही. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो आणि भूगोलाच्या शिक्षकाला कारणं शोधायची सवय असते, इतकंच. पाऊस पडला तर तो का पडला हे मी वीस वर्षं मुलांना सांगत आलो आहे. मग मला खोकला झाला तर तो का झाला, एवढं विचारायचा मला अधिकार नाही? आता विचारता विचारता एखाद्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ बघितलं, तर त्यात त्या माणसानं काय लावून घ्यायचं?

खोकला शहाण्णव सालच्या मार्चमध्ये सुरू झाला. रोज गजर लावल्यासारखा पहाटे पाचला यायचा आणि सातला थोडा वेळ दम घ्यायचा. मी शाळेत गेलो की बंद, घरी आलो की पुन्हा हजर. यावरून कोणीही शहाणा माणूस जो निष्कर्ष काढेल तोच मी काढला. खोट माझ्यात नव्हती, घरातल्या हवेत होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. तेव्हा ते म्हणाले, "थोडे दिवस हवा बदला. वाईला वगैरे जाऊन या." वाई हे पद्माचं माहेर. डॉक्टरांना नेमकी वाईच कशी सुचली, यावर मी तीन दिवस विचार केला.

पण खरा गुन्हेगार मला आधीपासून माहीत होता. तो आमच्या खाली राहत होता.

आमचं घर सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली लालासाहेब आणि त्यांच्या मंडळी बनुबाई. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, इस्लामपूरच्या बाजूला शेती, ऊस आणि हळद. माणूस तसा सरळ. पण अति सरळ माणसाविषयी मला नेहमीच थोडी शंका येते. त्या वर्षी महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हळदीची चाळीस पोती आणून आपल्या पुढच्या खोलीत थप्पी लावली. "भाव चढंस्तवर ठेवतो," म्हणाले. ती खोली बरोबर आमच्या झोपायच्या खोलीखाली, आणि खिडकीखाली खिडकी. त्याच संध्याकाळी मला हळदीचा वास आला. पद्माला आला नाही, पण तिला कुठलाच वास वेळेवर येत नाही.

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. ताबडतोब पद्माला म्हटलं, जाडसर गोणपाट मिळव. तिनं कुठूनसं एक आणलं. मी ते खिडकीला चारी बाजूंनी खिळे ठोकून बसवलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर दोन दोन तांबे पाणी मारायला लागलो. ओल्या कापडातून धूळ आत येत नाही, हे आठवीच्या मुलालाही कळतं. शिवाय उन्हाळ्यात गारवा. माझी उशी मी मुद्दाम त्या खिडकीखाली घेतली. एवढा बंदोबस्त करूनही पुढच्या महिन्याभरात खोकल्यानं मला धरलंच, यावरून त्या हळदीची ताकद लक्षात यावी.

शेजारी आप्पासो राहतात. ते एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर होते आणि निवृत्त झाल्यावर गल्लीचे कंट्रोलर झाले. त्यांनी मला आधी कुळथाचं कढण सांगितलं, मग अडुळसा, मग उजव्या कुशीवर झोपणं. एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर सगळ्यांना कपबशीतून चहा आणि मला स्टीलच्या पेल्यातून. पेला नंतर मोरीत वेगळा ठेवला गेला, तेही मी पाहिलं. छातीचा फोटो स्वच्छ आलाय, असं मी दोनदा मोठ्यानं सांगितलं. आप्पासो म्हणाले, "छे छे, सर, आम्ही कुठं काय म्हणतोय." त्या पेल्यानं मला जे लागलं ते आतापर्यंत खोकल्यानंही लागलं नव्हतं. माणसाला काही नसताना त्याचा पेला वेगळा व्हावा, आणि हळद मात्र खाली आरामात झोपलेली.

मी अर्ज केला. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण मला तिथं अजून कामं असतात. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून एक जाड पुस्तक उघडलं. "उपद्रवी वस्तूंच्या यादीत हाडं आहेत, कातडं आहे, चुना आहे. हळद नाही."

"पण तिची धूळ हवेत येते."

"हळद शुभ असते," साहेब म्हणाले. कचेरीतल्या दोन कारकुनांनी मान डोलावली. "तुमचं म्हणणं असेल तर पुरावा आणा. हवेत काय आहे ते दाखवा."

"हवा कशात आणू?"

"ते अर्जदारानं बघायचं. फक्त तीन प्रतींत असू द्या."

मी पायऱ्या उतरून घरी पोहोचायच्या आत माझ्या अर्जाची बातमी लालासाहेबांपर्यंत पोहोचली होती. ती कोणी पोहोचवली असेल याचा मला अंदाज आहे. माजी कंट्रोलरला गाड्यांबरोबर बातम्याही सोडायची सवय असते. लालासाहेब संध्याकाळी वर आले, मागोमाग साक्षीला आप्पासो. मी भांडणाची तयारी ठेवली होती. पण लालासाहेब खुर्चीवर ताठ बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सर, तुमी अर्ज दिला त्याचं काय न्हाई. हुकूम आला तर मी मानणार. पन एक ठरवू. तुमच्या हवेत माझी हळद निगाली, तर दुसऱ्या दिवशी पोती हलवतो. न्हाई निगाली, तर तुमी अर्ज मागं घ्यायचा, आन माझ्या दारात येऊन तसं सांगायचं. चारचौगांत नगं. निस्तं दारात."

"मान्य," मी म्हणालो. इतकी साधी अट घालण्यामागे त्यांचा काय डाव असेल, ते मात्र मला कळेना.

हवा पकडायची सोय अनपेक्षितपणे साताऱ्याहून आली. पद्माच्या बहिणीची मुलगी ज्ञानदा साताऱ्याच्या कॉलेजात सूक्ष्मजंतूंचं शिक्षण घेत होती. पद्मानं तिला पत्र लिहिलं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती हातात एक खोकं घेऊन एसटीतून उतरली. खोक्यात काचेच्या झाकणाच्या पाच चपट्या बश्या होत्या. प्रत्येकीत बटाट्याचं पाणी आणि साखर घालून घट्ट केलेला एक थर, दिसायला थेट जिलेटिनच्या वडीसारखा.

"काका, झाकण काढून ही बशी पंधरा मिनिटं खोलीत ठेवायची," तिनं समजावलं. "हवेतलं जे काही असेल ते आपोआप तिच्यात पडतं. मग झाकण लावून चिकटपट्टीनं बंद करायची. पाच दिवसांत ते वाढतं आणि डोळ्यांना दिसतं. एक ठिपका म्हणजे एक जंतू किंवा बुरशीचा एक कण पडला होता, असं धरायचं."

"आणि त्यात हळद?"

"हळद उगवत नाही, काका. पण पोत्यांच्या धुळीबरोबर बुरशी येत असेल तर ती दिसेलच. आणि तुम्हाला खोकला येतोय तो अशाच कशानं तरी."

एक बशी आमच्या झोपायच्या खोलीत, एक लालासाहेबांच्या हळदीच्या खोलीत, एक जिन्यात, एक आप्पासोंच्या आग्रहाखातर त्यांच्याकडे. पाचवी अजिबात उघडायचीच नाही, असं ती म्हणाली. जी उघडायचीच नाही ती साताऱ्याहून कशाला आणली, हे मी विचारलं. बश्याच मुळात खराब नव्हत्या हे कळायला, असं उत्तर आलं. म्हणजे तीही बश्यांवर संशय घेत होती. मला ती मुलगी एकदम आवडली.

पण पुढच्याच क्षणी ती म्हणाली, "बश्यांवर मी फक्त नंबर घालणार. कुठला नंबर कुठल्या घराचा, ते माझ्या वहीत. निकाल लागेपर्यंत कोणालाच सांगणार नाही. तुम्हालाही नाही."

"मला का नाही?"

"तुम्ही निकाल आधीच लावून ठेवलाय," ती म्हणाली, आणि पद्मा स्वयंपाकघरात भांडी उगाच वाजवायला लागली.

आमच्या खोलीतली बशी तिनं मला बाहेर काढून ठेवली. लालासाहेबांकडे मात्र मी घड्याळ घेऊन दारात उभा राहिलो. ज्ञानदा पहिल्यांदाच घरी आली म्हणून बनुबाई हळदकुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाल्या. मी ताबडतोब हात आडवा केला. बशीपासून तीन फुटांवर हळदीची चिमूट म्हणजे पुराव्यात सरळसरळ ढवळाढवळ.

"आवं, पोरीला कुकू बी लावू नगं व्हय?" बनुबाई म्हणाल्या.

"पंधरा मिनिटांनी लावा," मी म्हणालो.

लालासाहेब भिंतीशी सावधान उभे होते. "श्वास घेतला तर चालंल न्हवं?" त्यांनी विचारलं. ज्ञानदा हसली. मी हसलो नाही, कारण ते खरंच विचारत होते की मला चिडवत होते, हे ठरवता येईना. खोली मात्र स्वच्छ होती. पोती फळ्यांवर रचलेली, भिंतीपासून वीतभर सोडून, जमीन पुसलेली. इतकी टापटीप पाहून मी मनात म्हटलं, याचा अर्थ आधी काहीतरी लपवलं आहे.

आप्पासोंच्या घरी आणखी निराळं. पाहुणे येणार म्हटल्यावर घर झाडायचं, ही आपली रीत. आप्पासोंच्या सौभाग्यवतींनी बशी येणार म्हणून पहाटेपासून घर झाडलं, जाळी काढली आणि बशी दारात आली तेव्हा त्या गाद्या झोडपत होत्या. हवेत इतकी धूळ होती की ज्ञानदाला भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना. तरी आप्पासो अभिमानानं म्हणाले, "आमच्याकडं कुठंही ठेवा, निर्मळ."

पाचही बश्या आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसवर रांगेत बसल्या. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी ठिपके. तिसऱ्या दिवशी तीन नंबरच्या बशीनं बाकीच्यांना मागं टाकलं. हिरवे, काळे, राखाडी, मऊ केसाळ गोळे एकमेकांना खेटून उगवले, आणि मधोमध एक पिवळसर डाग. पिवळा. मी पद्माला हाक मारून तो दाखवला.

"नंबर कुठं माहीत आहेत तुम्हाला?" ती म्हणाली.

"पिवळा आहे," मी म्हणालो. "आणखी काय अंगावर नाव लिहून येणार आहे?"

पुढचे दोन दिवस आमच्याकडे ये-जा वाढली. जो येईल त्याला मी तीन नंबर दाखवायचो. "ही लालासाहेबांची हवा. हीच रोज माझ्या छातीत जाते." लोक बशीकडे बघून तोंडावर पदर किंवा रुमाल धरायचे आणि मग माझ्याकडे आदरानं बघायचे, की एवढं आत जाऊनही हा माणूस चालतो-बोलतो आहे. आप्पासोंनी तर बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मला कपबशीतून चहा मिळाला. तुम्हाला सांगतो, इतका चांगला चहा मी आयुष्यात प्यालो नव्हतो.

ज्ञानदा हे सगळं बघत होती. तिच्या वहीवर माझी नजर होती, पण ती वही उशाखाली घेऊन झोपायची.

चौथ्या दिवशी सकाळी मी खोकत खोकत गॅलरीत आलो, तर खाली टेम्पो उभा. लालासाहेब आणि दोन गडी हळदीची पोती भरत होते. एक, दोन, दहा, सगळी चाळीस. निकाल दुसऱ्या दिवशी, आणि पोती आज निघाली. आप्पासो त्यांच्या गॅलरीत होतेच. त्यांनी मान हलवून मला खूण केली, मी त्यांना खूण केली. पुरावा हलवतायत. पाप कबूल करायच्या आधीच धुऊन टाकतायत. मला वाईट वाटलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. लालासाहेबांनी वर बघून हात केला, तेव्हा मीही हात केला, पण तो पोलिसानं चोराला करावा तसा.

पाचव्या दिवशी दुपारी ज्ञानदानं वही उघडली. पद्मा, मी आणि न बोलावता आलेले आप्पासो.

"एक नंबर, न उघडलेली. काही नाही, म्हणजे बश्या चांगल्या होत्या. दोन नंबर, जिना. अकरा ठिपके. पाच नंबर, हळदीची खोली. नऊ."

"किती?" मी विचारलं.

"नऊ. चार नंबर, आप्पासोंचं घर. चौसष्ट."

आप्पासो उठले आणि चप्पल घालून निघून गेले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

"तीन नंबर," ज्ञानदा म्हणाली आणि माझ्याकडे बघायचं टाळून वहीत बघितलं, "तुमची झोपायची खोली, काका. मोजता येत नाहीत इतके."

मी म्हटलं, नंबर बदलले असतील. मी म्हटलं, जिन्यात असताना झाकण सरकलं असेल. मी म्हटलं, पिवळा डाग आहे त्याचं काय. ती म्हणाली, काही बुरशी पिवळीच असते. मी आणखीही काही म्हटलं असतं, पण ती तोपर्यंत झोपायच्या खोलीत गेली होती. बशी ठेवताना तिनं तो गारव्याचा पडदा समजला असावा; आता ती खिडकीपाशी थांबली.

"काका, हे काय आहे?"

"ते संरक्षण आहे."

तिनं खालचे दोन खिळे काढले आणि गोणपाट उलटं केलं. तीन महिने रोज चार तांबे पाणी प्यालेलं ते गोणपाट मागच्या बाजूनं हिरवं, काळं आणि केसाळ झालं होतं. तीन नंबरची बशी कोणीतरी मोठी करून माझ्या खिडकीला लावावी, तसंच. त्याच्याखाली बरोबर माझी उशी. कोपऱ्यात बुरशीतूनही निळ्या शाईची अक्षरं वाचता येत होती. ला. सा.

"हे पोतं कुठलं?" मी पद्माला विचारलं.

"बनुबाईंकडून आणलं. हळदीचंच, रिकामं," पद्मा म्हणाली. "तुम्ही कुठून आणलं ते कुठं विचारलंत? लगेच आण म्हणालात."

म्हणजे ज्या माणसाच्या हवेपासून मी स्वतःला वाचवत होतो, त्याचंच पोतं भिजवून मी रोज त्याच्याखाली झोपत होतो. आणि तेही त्यानं फुकट दिलेलं. आम्ही ते काढून गच्चीवर उन्हात टाकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी सवयीनं उठून बसलो आणि खोकल्याची वाट बघितली. तो आला, पण अर्ध्या तासात गेला. हे बरं वाटायला पाहिजे होतं. मला नाही वाटलं. कारण आता मला खाली जायचं होतं.

आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. त्या उतरायला मला सकाळचा पाऊण तास लागला. मध्ये मी दोनदा परत आलो, एकदा चष्मा आणायला आणि एकदा तो नको म्हणून ठेवायला. लालासाहेब दारातच दाढी करत बसले होते. मागे ती खोली रिकामी, फळ्या उघड्या पडलेल्या.

"लालासाहेब," मी म्हणालो, "हवेत तुमची हळद नव्हती. जे काही होतं ते माझ्याच खोलीत होतं, माझ्याच हातानं केलेलं. अर्ज आज मागं घेतो."

त्यांनी वस्तरा पुसला. "बसा सर. चा घ्या."

"एक विचारू? निकाल तुमच्या बाजूनं लागला असता, लागलाच. मग पोती आधीच का हलवलीत?"

लालासाहेबांनी आत बघितलं. आतून बनुबाई आल्या. "आवं सर, रोज पाटंचं तुमचं खोकनं आमाला खाली आइकू यायचं. मी ह्यास्नी म्हनलं, बशी काय सांगायचं ते सांगंल तवा सांगंल. मानूस आज खोकतोय. आपल्या हळदीनं असंल नसंल, पर आपल्या मनाला का रुखरुख? हलवा पोती."

मला लाज वाटली. तिला दुसरा शब्द नाही आणि मी तो शोधतही नाही. मी दोन दिवस ज्याला पुरावा नष्ट करणं म्हणत होतो, ते हे होतं. माझा खोकला ऐकून आप्पासोंनी माझा पेला वेगळा केला होता, आणि ह्यांनी आपली चाळीस पोती. बनुबाईंनी चहा दिला. कपबशीतून. मी मान वर न करता प्यालो.

"पोती कुठं आहेत?"

"गावाकडं, भावाच्या पडवीत. पडवी जरा गळती हाय," लालासाहेब म्हणाले. "वळीव आला तर बघाय लागंल."

"उद्याच परत आणू. मी येतो बरोबर."

ते नको म्हणाले, मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पोनं गेलो आणि दुपारच्या आत पोती घेऊन परत आलो. गडी मी मुद्दाम नको म्हटले होते. एका टोकाला लालासाहेब, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये पोतं, आणि टेम्पोपासून खोलीपर्यंत समोरासमोर चालायचं. गल्ली बघत होती. आप्पासो त्यांच्या गॅलरीत नव्हते, पण पडदा हलत होता. मला बऱ्याच दिवसांनी स्वतःविषयी बरं वाटत होतं.

चौथं पोतं उचललं आणि मला शिंक आली. एक नाही, ओळीनं सात. डोळ्यांतून पाणी आलं, नाक पिवळं झालं. पोतं आम्ही दोघांनी तसंच अधांतरी धरून ठेवलं. लालासाहेब माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्त वेळ.

"सर, हळदीनं का काय?"

"छे," मी म्हणालो. "उन्हानं. मला उन्हाचं होतं असं."

पण पुढच्या प्रत्येक खेपेला त्यांची नजर माझ्या नाकावर होती. उरलेली छत्तीस पोती मी तोंडानं श्वास घेत वाहिली.